प्रयोगवहीत आणखी दोन मथळे
(माजी विद्यार्थ्याचे मनोगत)

उद्दिष्ट, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. आपल्या शाळेच्या प्रयोगवहीत हे सहा मथळे याच क्रमाने यायचे. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या रेघी पानावर शाईने बाकी सगळं. विज्ञानाच्या बाईंचा एक नियम फार कडक होता: निरीक्षण प्रयोगाच्या टेबलापाशीच लिहायचं आणि पेनानेच लिहायचं. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा घालायचा. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आजही नोंदवही याच पद्धतीने ठेवतात. खोडलेला आकडाही वाचता आला पाहिजे, शेजारी सही नि तारीख हवी, एवढीच भर तिथे पडते. ही शिस्त आम्हाला शाळेतच लागली, याबद्दल बाईंचे जितके आभार मानावेत तितके थोडे.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायची संधी मिळाली आहे, तर शाळेला एक विनंती करतो. त्या सहा मथळ्यांत दोन वाढवावेत: 'कृती'च्या आधी 'अंदाज' आणि 'निरीक्षण' झाल्यावर 'शंका'. माझ्या विषयाचं, म्हणजे मेंदूविज्ञानाचं, सगळं शिक्षण शेवटी या दोन गोष्टींपाशी येतं. ते कसं, हे नववीच्या चेतासंस्थेच्या भागावरून सांगतो.

हा भाग बहुतेक ठिकाणी आकृत्यांवरून शिकवला जातो. मोठा मेंदू, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, मेरुरज्जू. चेतापेशीच्या वृक्षिका, पेशीकाया, अक्षतंतू. आकृती यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण धडा संपतो तरी एकही आकडा मोजला जात नाही. निरोप मज्जातंतूतून किती वेगाने जातो? पाहिल्यापासून हात हलेपर्यंत किती वेळ लागतो? ही मापं घ्यायला महाग उपकरण लागत नाही, आणि ज्याचं माप घ्यायचं ती चेतासंस्था प्रत्येक बाकावर हजर असते.

सुरुवात पट्टीपासून करावी. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरून लोंबती ठेवायची. दुसऱ्याने मनगट बाकाच्या कडेवर टेकवून अंगठा नि तर्जनी पट्टीच्या दोन्ही बाजूंना, न शिवता, ठेवायची. शून्याची खूण अंगठ्याच्या वरच्या कडेला आणायची. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची, आणि अंगठ्याच्या त्याच वरच्या कडेपाशी वाचन घ्यायचं. पडलेल्या अंतराची दुप्पट करून ९८० ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर सेकंदात येतं. मुक्त पतनाचं सूत्र मुलांना गुरुत्वाकर्षणाच्या पाठात येतंच. १० सेंटिमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७५, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३ आणि ३० म्हणजे ०.२५. बहुतेक मुलांची वाचनं १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतात.

खरं शिकणं पुढे आहे. सोडणारा दर वेळी सारख्याच वेळाने पट्टी सोडू लागला की पकडणारा ती लय ओळखतो, आणि वाचनं ५-६ सेंटिमीटरवर येतात. म्हणजे ०.१० सेकंदाच्या आसपास. डोळ्याने पाहून बोटं मिटायला एवढा कमी वेळ पुरत नाही. हा पाहून दिलेला प्रतिसाद नाही, आधीच केलेला अदमास आहे. म्हणून सोडण्याआधी कधी दोन, कधी पाच सेकंद थांबायचं. काही मुलांची बोटं पट्टी सुटण्याआधी किंचित सैल होतात आणि पकडणारा पट्टीऐवजी ती बोटं पाहतो. त्यासाठी सोडणाऱ्याच्या हातासमोर एक वही आडवी धरावी. बोटांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असेल तर मिटायला लागणारा वेळही वेगळा. काड्यापेटीच्या जाडीएवढं अंतर सगळ्यांनी ठेवलं की तो प्रश्न मिटतो. पट्टीच्या टोकापासून शून्यापर्यंत काही पट्ट्यांत अर्धा सेंटिमीटर कोरी जागा असते, तीही बघून घ्यावी.

आणि पट्टी निसटली तर? मुलं म्हणतात, 'हे धरू नका, परत करतो.' इथेच शिक्षकाने थांबवायचं. निसटलेली पट्टी हेही वाचन आहे: ३० पेक्षा जास्त. ते टाकून दिलं तर फक्त मंद प्रतिसाद गाळले जातात आणि सरासरी आपोआप चांगली दिसू लागते. पण '३० पेक्षा जास्त' याची बेरीज होत नाही, मग मध्य (म्हणजे सरासरी) काढायचा कसा? मध्य काढायचाच नाही, मध्यक काढायचा. दहा वाचनं चढत्या क्रमाने लावली की पाचव्या नि सहाव्याच्या मधला आकडा घ्यायचा. शेवटचं वाचन ३१ असो की ४०, मध्यकाला फरक पडत नाही. सांख्यिकीच्या पाठात मध्य, मध्यक, बहुलक तिन्ही शिकवतात, पण मध्यक कशासाठी लागतो याचं इतकं सरळ उदाहरण क्वचितच मिळतं. मध्य काढायचाच असेल तर आधी प्रत्येक अंतराचा वेळ काढून मग वेळांचा मध्य घ्यावा. अंतर आणि वेळ यांचं नातं वर्गाचं असल्यामुळे अंतरांचा मध्य आधी काढला तर उत्तर थोडं वाढीव येतं.

आता 'अंदाज'. पट्टी हातात घेण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: उजवा हात वेगवान की डावा? पाहून पकडणं वेगवान की खांद्याला झालेला स्पर्श ओळखून पकडणं? किती फरक पडेल? आकडा लिहायचाच, 'थोडा' असं लिहिलेलं चालणार नाही. आधी लिहिलेलं नसेल तर उत्तर कळल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हे ठाऊकच होतं. डोळे मिटून, स्पर्शाच्या इशाऱ्यावर घेतलेले वेळ सहसा पाहून घेतलेल्या वेळांपेक्षा कमी येतात, आवाजाचेही तसेच. आवाज पाहण्यापेक्षा साधारण ०.०४ सेकंदाने पुढे असतो. कारण डोळ्यातच आहे. दृष्टिपटलातल्या पेशींमध्ये प्रकाशाचं रूपांतर रासायनिक क्रियांच्या साखळीतून होतं आणि तिला वेळ लागतो. कानातल्या केसपेशी वाकल्या की त्यांच्यातल्या मार्गिका (विद्युतभारित कणांच्या वाटा) ओढीने थेट उघडतात. स्पर्श करणारा हात आणि पट्टी सोडणारा हात एकाच क्षणी हलतात का, ही मात्र 'शंका' या मथळ्याखाली लिहायची पहिली गोष्ट. मुलांना ती स्वतः सुचली तर तिला अनुमानापेक्षा जास्त गुण द्यावेत, असं माझं मत आहे.

पाहून पकडायला लागलेल्या ०.२० सेकंदातला किती वेळ निरोप वाहून नेण्यात जातो? हा प्रश्न विज्ञानात फार मोलाचा ठरला. योहानेस म्युलर यांच्यासारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की मज्जातंतूतला वेग मोजणं बहुधा कधीच जमणार नाही. त्यांचेच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये तो मोजला. बेडकाच्या स्नायूला जोडलेल्या मज्जातंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांबवर विजेचा झटका द्यायचा, स्नायू आकसायला लागलेल्या वेळांची वजाबाकी करायची, आणि दोन जागांमधल्या अंतराला त्या फरकाने भागायचं. उत्तर सेकंदाला सुमारे २७ मीटर आलं. स्नायूच्या आत जाणारा वेळ दोन्हीकडे सारखा असल्यामुळे वजाबाकीत उडून जातो. सगळी खुबी या वजाबाकीत आहे.

बेडूक न मारता हीच वजाबाकी वर्गात करता येते. तीस मुलं रांगेत जमिनीवर बसवायची, डोळे मिटलेले. प्रत्येकाने पुढच्याचा घोटा धरायचा. आपला घोटा दाबला गेला की पुढच्याचा दाबायचा. पहिल्याला दाबताना शिक्षकांनी स्टॉपवॉच सुरू करायचं, शेवटच्याने हात वर केला की बंद. मग हेच खांद्यावर हात ठेवून. घोट्यापासून मानेपर्यंतचं आणि खांद्यापासून मानेपर्यंतचं अंतर शिंप्याच्या टेपने मोजलं तर नववीतल्या मुलांत साधारण १ मीटरचा फरक येतो. तीस मुलांचे ३० मीटर. दाबाची जाणीव नेणाऱ्या तंतूंचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर दोन्ही वेळांत ०.६ सेकंदाचा फरक पडायला हवा; पूर्ण फेरी सहा-सात सेकंदांची असते. फरक इतका लहान असल्यामुळे हा प्रयोग सहज बिघडतो, आणि म्हणूनच तो करावा. पहिल्या काही फेऱ्यांत सरावाने वेळ झपाट्याने कमी होतो. आधी सगळ्या घोट्याच्या आणि मग सगळ्या खांद्याच्या फेऱ्या घेतल्या तर सरावाचा फायदा एकट्या खांद्याला मिळतो, फरक फुगतो आणि वेग खोटाच कमी निघतो. यावर उपाय म्हणजे पाच-सहा फेऱ्या नुसत्या सरावाच्या घ्यायच्या, मग घोटा, खांदा, खांदा, घोटा असा क्रम फिरवत न्यायचा. मोजे काढलेले हवेत. घोटा-खांदा फेऱ्यांच्या एखाद्या जोडीत खांद्याचाच वेळ जास्त येईल, म्हणजे वेग ऋण निघेल. तोही आकडा वहीत राहू द्यावा. मुलं-मुली वेगळ्या रांगांत बसवल्या तर संकोच राहत नाही.

आता या विषयाकडे येणाऱ्याची शैक्षणिक वाट, कारण पालक तेच विचारतात. मेंदूविज्ञानात एकाच दारातून कुणी येत नाही. ओबेद सिद्दिकी यांचं पदव्युत्तर शिक्षण अलीगढला वनस्पतिशास्त्रात झालं. ग्लासगोहून पीएचडी करून १९६२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, पुढे तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर आणि त्यांच्या गंध-चवीच्या जाणिवेवर काम केलं, आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं. शुभा टोळे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत पीएचडीसाठी गेल्या, शिकागो विद्यापीठात पुढचं संशोधन केलं आणि १९९९ पासून टाटा संस्थेत गर्भावस्थेत मेंदूचा बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, कसा घडतो यावर काम करत आहेत. २०१४ चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळालं. विदिता वैद्य यांनीही झेवियर्समधूनच अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जाऊन पीएचडी केली, आणि त्यांचं काम भावना नि नैराश्याशी निगडित मेंदूतल्या रसायनांवर आहे. एरिक कँडेल यांनी तर हार्वर्डमध्ये इतिहास नि साहित्य शिकून मग वैद्यकशास्त्र घेतलं, आणि समुद्री गोगलगायीवरच्या स्मृतीच्या कामासाठी २००० मध्ये नोबेल मिळवलं.

तरीही एक सल्ला ठामपणे देतो: अकरावीला जीवशास्त्र घेतलंत म्हणून गणित सोडू नका. चेतापेशीच्या आत पोटॅशियमचं प्रमाण लिटरला साधारण १४० मिलिमोल, बाहेर ५. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेतला की आवरणाच्या दोन बाजूंमधलं विभवांतर उणे ९० मिलिव्होल्टच्या जवळपास निघतं. प्रत्यक्षात ते उणे ७० च्या आसपास भरतं, कारण थोडं सोडियम आत झिरपत असतं. ही वाक्यं समजायला रसायन, वीज आणि गणित तिन्ही लागतात, जीवशास्त्र तर लागतंच. हॉजकिन आणि हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये चेताआवेगाची, म्हणजे चेतापेशीतून धावणाऱ्या विजेच्या निरोपाची, समीकरणं मांडली ती माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जवळजवळ एक मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूवर मापं घेऊन. आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली. १९६३ च्या नोबेलमागे ही एवढी गणिताची मेहनत होती.

बारावीनंतर आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था (पुण्याची २००६ मध्ये सुरू झाली), इथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो, किंवा साधी बीएस्सी-एमएस्सी करून पीएचडीची प्रवेश परीक्षा देता येते. डॉक्टर नि इंजिनिअर यांनाही दार उघडं असतं. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्य नि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, तिथलीच भारतीय विज्ञान संस्था ही ठिकाणं पाहून ठेवावीत. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. या काळात घरून पैसे आणावे लागतात हा समज खरा नाही. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळालेल्या विद्यार्थ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते.

पुन्हा वर्गाकडे येतो. अंधबिंदू, म्हणजे डोळ्यातली काहीच न दिसणारी जागा, सगळे दाखवतात: कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे साडेसहा सेंटिमीटरवर ठिपका, डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे पाहायचं, आणि कागद पंचवीस सेंटिमीटरवर आला की ठिपका नाहीसा होतो. बहुतेकदा इथेच थांबतात, मोजणीला कुणी हात घालत नाही. मोजायचं असेल तर हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवून डोकं स्थिर करा आणि कोऱ्या कागदावर फक्त फुली काढा. जोडीदाराने पेन्सिलीचं टोक उजवीकडून हळू सरकवत आणायचं. दिसेनासं झालं तिथे खूण, पुन्हा दिसलं तिथे खूण. चारही दिशांनी केलं की दोन-सव्वादोन सेंटिमीटर रुंदीचा एक अंडाकार उमटतो. डोळ्यात प्रकाशकिरण जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू दृष्टिपटलापासून साधारण १७ मिलिमीटरवर असतो. समरूप त्रिकोण मांडा: १७ भागिले २५०, गुणिले २२. उत्तर दीड मिलिमीटर. स्वतःच्या डोळ्यातून मज्जातंतूंचा जुडगा बाहेर पडतो त्या जागेची रुंदी मुलाने कंपासपेटीतल्या पट्टीने काढली! भूमितीच्या तासाला हा प्रयोग घ्यायला काहीच हरकत नाही. नजर फुलीवरून ढळली की आकार वेडावाकडा येतो, एवढं सांभाळावं.

जिभेच्या नकाशाबद्दल मात्र तळमळीने सांगायचं आहे. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट-खारट असं चित्र अजूनही तक्त्यांवर दिसतं. ते चुकीचं आहे. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकांना जिभेच्या कडेकडेने चवींच्या संवेदनशीलतेत बारीक फरक सापडले होते. १९४२ मध्ये बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या ग्रंथात त्यांचा आलेख असा छापला गेला की फरक प्रचंड वाटावेत, आणि पुढच्या पुस्तकांनी त्यांचे कप्पेच करून टाकले. मुलांना हे स्वतः तपासू द्या. शंभर मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर, दुसऱ्यात २ ग्रॅम मीठ, तिसऱ्यात थोडा लिंबाचा रस, चौथ्यात थोडा कारल्याचा रस, आणि पाचवं नुसतं पाणी. जीभ स्वच्छ कापसाने टिपून कोरडी करायची, नाहीतर लाळेबरोबर चव पसरते. कापसाची काडी एकदाच वापरायची. चव ओळखणाऱ्याने जीभ आत न घेता समोरच्या कार्डांपैकी एकावर बोट ठेवायचं. जीभ आत गेली की चव सगळीकडे लागते आणि प्रयोग फुकट. साध्या पाण्यालाही कुणीतरी 'खारट' म्हणेल, आणि ते पाणी ठेवण्याचं कारण तेच आहे. निष्कर्ष असा येतो की चारही चवी कडेला, टोकाला, मागे सगळीकडे लागतात, मधल्या भागात मात्र फिक्या लागतात, कारण तिथे रुचिकलिका कमी असतात. छापलेलं चित्र आणि आपल्या वहीतला तक्ता जुळत नाही, तेव्हा कोणता खरा धरायचा हा प्रश्न वर्गात उघडपणे विचारावा.

खरा मेंदू पाहायचा असेल तर खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणता येतो. मुंडी कोयत्याने मधोमध फोडतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून अखंड काढून घ्यावा. ताजा भेजा लोण्याइतका मऊ असतो, सुरी लावली की फिसकटतो. फ्रीजरमध्ये अर्धवट घट्ट होऊ दिला तर स्वच्छ काप निघतात, आणि अनुमस्तिष्काच्या कापात पांढऱ्या तंतूंची फांद्याफांद्यांची नक्षी दिसते. हातमोजे आणि नंतर साबण हवाच. फॉर्मॅलिन शाळेत आणू नये. ज्यांच्या घरी मांस चालत नाही त्यांच्यासाठी शाडूच्या मातीचं प्रारूप ठेवावं, त्यांचे गुण कापू नयेत.

गुणांबद्दलच शेवटचं. दहापैकी अंदाजाला २, सगळी वाचनं जशीच्या तशी लिहिण्याला ३, आलेखाला २, शंकेला २ आणि अनुमानाला १ असे गुण द्यावेत. अंदाज चुकला म्हणून अर्धाही गुण जाऊ नये, नाहीतर मुलं प्रयोग झाल्यावर मागे जाऊन तो भरतील. चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा पट्टी पकडली तर एका वर्गाची चारशे वाचनं होतात. ती एका जाड रजिस्टरात उतरवून ठेवावीत, वहीबरोबर रद्दीत जाऊ देऊ नयेत. दहावीच्या तुकडीला आयतालेख नि आवृत्ती बहुभुज काढायला तेच आकडे द्यावेत. रजिस्टरात रकाने एवढे पुरेत: तारीख, तास कितवा, हात डावा की उजवा, इशारा पाहून की स्पर्शाने, अंतर, आणि पट्टी निसटली का.